कॉम्प्युटरचा आवाज घरभर: घरगुती मीडिया सर्व्हर लावण्याआधी आणि लावताना

‘घरी मीडिया सर्व्हर लावायचाय, कोणता लावू?’ असं कोणी विचारलं की मी आधी एक उलटा प्रश्न विचारतो. तुम्हाला फायली ऐकायच्यात की कॉम्प्युटर ऐकायचाय? हार्ड डिस्कवर साठवलेली गाणी हॉलमधल्या स्पीकरवर लावायची असतील तर ते एक काम. कॉम्प्युटरवर या क्षणाला जे वाजतंय, म्हणजे ब्राउझरमधलं व्याख्यान, मॅचची कॉमेंट्री, चालू असलेली मैफल, ते तसंच्या तसं स्वयंपाकघरात ऐकू यायला हवं असेल तर ते दुसरं काम. दोन्हीला ‘स्ट्रीमिंग’च म्हणतात, त्यामुळे गोंधळ होतो. मग लोक पहिल्या कामाचं सॉफ्टवेअर टाकून दुसरं काम होण्याची वाट बघत बसतात.

फरक कुठे आहे ते बघू. फाईल वाजवताना समोरचा फोन किंवा टीव्ही सर्व्हरकडून पुढचा बराचसा भाग आधीच मागवून ठेवू शकतो. वाय-फाय मध्येच पाच सेकंद अडखळलं तरी कानाला पत्ता लागत नाही. चालू आवाजाचं तसं नाही. जो आवाज अजून वाजलेलाच नाही तो आधी पाठवणार कसा? साठा करायचा तर एकच मार्ग, आवाज मुद्दाम उशिरा ऐकवायचा. साठा मोठा ठेवला तर आवाज तुटत नाही पण उशीर वाढतो. लहान ठेवला तर उशीर कमी, पण शेजारच्यांचं वाय-फाय जोरात चालू झालं की खरखर सुरू. पुढे जी सॉफ्टवेअरची नावं येतील, त्यांच्यातली निवड शेवटी या एका तडजोडीवर येऊन थांबते. नेटच्या स्पीडचा त्यात फारसा संबंध नाही. सीडीच्या दर्जाचा स्टिरिओ आवाज म्हणजे सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येकी १६ बिट, दोन चॅनेल. गुणाकार केला तर १४११ किलोबिट. पाच खोल्यांत वेगवेगळा पाठवला तरी साधारण ७ मेगाबिट होतात, आणि हे सगळं घरातल्या घरात फिरतं, तुमच्या इंटरनेट प्लॅनला धक्काही लागत नाही.

मशीन कोणतं

नवीन काही घेऊ नका. आठ-दहा वर्षं जुना लॅपटॉप या कामाला उत्तम. स्क्रीन गेलेला असेल तरी चालेल. त्याची बॅटरी शाबूत असेल तर वीज गेल्यावर हाच आपला छोटा यूपीएस. मात्र राउटरलाही बॅकअप हवा, नाहीतर सर्व्हर जागा आणि वाट बंद अशी गंमत होते. सतत चार्जरवर राहिलेली बॅटरी फुगू शकते, म्हणून लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये चार्जिंग ६० किंवा ८० टक्क्यांवर थांबवायची सोय असेल तर ती चालू करा.

विजेचा हिशेब सरळ आहे. साधारण १५ वॅट घेणारा लॅपटॉप महिनाभर अखंड चालला तर १०.८ युनिट. ६० वॅटचा जुना डेस्कटॉप ठेवलात तर ४३ युनिट. रास्पबेरी पाय चार हा नुसता बसलेला असताना तीनेक वॅटवर राहतो, म्हणजे महिन्याला दोन-सव्वादोन युनिट. ज्याचं बिल स्लॅबच्या काठावर असतं त्याने डेस्कटॉपचा विचार सोडलेला बरा.

जे मशीन निवडाल ते शक्यतो केबलने राउटरला जोडा. स्पीकरकडची टोकं वाय-फायवर असली तरी चालतात, पण सर्व्हरही वाय-फायवर असेल तर प्रत्येक आवाज हवेतून दोनदा जातो. राउटरच्या पानावर जाऊन सर्व्हरचा आयपी पत्ता राखून ठेवा, नाहीतर राउटर रीस्टार्ट झाला की पत्ता बदलायचा आणि घरातून ‘ते बंद पडलंय’ असा फोन यायचा. झाकण मिटल्यावर झोपी जाण्याची सेटिंग बंद करायची, हेही आत्ताच करून टाका.

फायली ऐकायच्या असतील तर

सगळ्यात जुना मार्ग म्हणजे डीएलएनए. २००३ मध्ये सोनी, इंटेल वगैरे कंपन्यांनी मिळून हा गट काढला. गट स्वतः २०१७ मध्ये विसर्जित झाला, पण पद्धत मात्र आजही बहुतेक स्मार्ट टीव्हींत आहे. मिनीडीएलएनए नावाचा छोटासा प्रोग्राम टाकायचा, त्याला गाण्यांचा फोल्डर दाखवायचा, की टीव्हीच्या सोर्स यादीत तुमचा सर्व्हर दिसू लागतो. पासवर्ड नाही, अकाउंट नाही. हाच त्याचा गुण आणि हाच दोष. एखादा टीव्ही फ्लॅक फाईल वाजवायला नकार देतो, तेव्हा मिनीडीएलएनए ती बदलून देत नाही. जशी आहे तशी पुढे करतो.

व्हिडिओही हवे असतील तर जेलीफिन घ्या. २०१८ च्या शेवटी एम्बी हा सर्व्हर बंदिस्त व्हायला लागला तेव्हा काही लोकांनी त्याचा मुक्त कोड घेऊन हा वेगळा प्रकल्प सुरू केला. समोरच्या उपकरणाला झेपत नसलेला प्रकार तो चालता चालता बदलून देतो.

फक्त गाणी असतील तर माझं मत नॅव्हिड्रोमला. हलका आहे, पाय चारवरही हजारो गाणी सहज सांभाळतो. ब्राउझरमध्ये सर्व्हरचा पत्ता, कोलन आणि ४५३३ असं टाकलं की पहिल्याच वेळी अ‍ॅडमिनचं नाव-पासवर्ड ठरवायला सांगतो आणि काम सुरू. तो जुन्या सबसॉनिक सर्व्हरची भाषा बोलतो, त्यामुळे फोनवर अल्ट्रासॉनिक, सिम्फोनियम अशी कितीतरी तयार अ‍ॅप चालतात, आणि गाणी फोनवर उतरवून एसटीत नेटशिवाय ऐकता येतात. कीर्तन, कथाकथन, व्याख्यानं अशी लांब ध्वनिमुद्रणं जास्त असतील तर मात्र ऑडिओबुकशेल्फ बघा. दीड तासाच्या कीर्तनात तुम्ही कुठे थांबला होतात ते तो लक्षात ठेवतो. गाण्याच्या सर्व्हरला असल्या ऐकण्याची सवय नसते.

नावांचा घोळ, खास मराठी

याबद्दल इंग्रजी गाइडमध्ये काही सापडत नाही, म्हणून जरा सविस्तर.

नॅव्हिड्रोम फोल्डर बघत नाही, फाईलच्या आत लिहिलेले टॅग बघतो. आणि आपल्या संग्रहातले टॅग म्हणजे आनंदीआनंद. एका फाईलवर ‘पु. ल. देशपांडे’, दुसरीवर ‘पु.ल.देशपांडे’, तिसरीवर ‘पुलं’, चौथी रोमन लिपीत. सर्व्हरच्या लेखी ही चार वेगळी माणसं. आधी एक रूप ठरवा आणि किड३ किंवा म्युझिकब्रेन्झ पिकार्ड या मोफत प्रोग्रामांनी एका फटक्यात सगळीकडे तेच लावा. जुन्या एमपी३ फायलींवर कधीकधी फक्त आयडी३ ची पहिली आवृत्ती असते. तिच्यात युनिकोडची सोय नाही आणि शीर्षकाला जागा फक्त ३० अक्षरांची. देवनागरी तिथे प्रश्नचिन्हं होऊन बसते. टॅग दुसऱ्या आवृत्तीत, म्हणजे २.३ किंवा २.४ मध्ये जतन केले की हा त्रास संपतो.

याहून चकवणारी गोष्ट म्हणजे अर्धा र. ‘वऱ्हाड’ हा शब्द कॉम्प्युटरवर दोन तऱ्हांनी लिहिलेला सापडतो. एकात नुक्ता असलेलं ऱ हे अक्षर आणि हलन्त, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि मध्ये न दिसणारं एक जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. पण ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ एका पद्धतीने साठवलेलं असेल आणि तुम्ही दुसऱ्या पद्धतीच्या कीबोर्डने शोधलंत, तर सर्व्हर बिनदिक्कत सांगतो की असं काही नाहीच. शिवाय जुन्या मॅकच्या डिस्क फायलींच्या नावातला ऱ फोडून र आणि नुक्ता असा ठेवायच्या, म्हणजे तिसरा प्रकार. उपाय एकच. तुम्ही रोज वापरता त्या कीबोर्डने टाइप केलेलं रूप प्रमाण धरा आणि बाकीची किड३ मध्ये शोधा-बदला करून त्यात आणा. फायलींची नावं मात्र रोमन लिपीत साधी ठेवा, मराठी टॅगमध्ये लिहा. यूएसबीवर टाकून कारमध्ये वाजवायची वेळ आली की याचा उपयोग कळतो.

चालू आवाज: आधी पकडायचा

आता दुसरं काम. साउंड कार्डाकडे जाणारा आवाज वाटेत पकडावा लागतो. लिनक्सवर हे जन्मजातच सोपं आहे. पल्सऑडिओ असो की त्याच्या जागी आलेलं पाइपवायर, प्रत्येक आउटपुटला ‘मॉनिटर’ नावाची एक प्रत असते, ती माइकसारखी रेकॉर्ड करता येते. विंडोजवर काही मशीनच्या रेकॉर्डिंग यादीत ‘स्टिरिओ मिक्स’ लपलेलं असतं. नसेल तर व्हीबी-केबल नावाचं आभासी साउंड कार्ड टाकायचं. मॅकवर तेच काम ब्लॅकहोल करतं.

इथे एक गोष्ट आवर्जून करा. सगळ्या कॉम्प्युटरचा आवाज घरभर सोडू नका, फक्त ब्राउझरचा किंवा प्लेयरचा सोडा. लिनक्सवर पल्सऑडिओ व्हॉल्यूम कंट्रोलमध्ये आणि विंडोजवर व्हॉल्यूम मिक्सरमध्ये प्रत्येक प्रोग्रामचं आउटपुट वेगळं निवडता येतं. नाहीतर रात्री साडेअकराला ऑफिसच्या ग्रुपवर कोणी ‘ओके’ लिहिलं की चार खोल्यांत टिंग वाजतं.

मग पाठवायचा

आइसकास्ट हा इंटरनेट रेडिओवाल्यांचा सर्व्हर. कॉम्प्युटरवर बट नावाचा छोटा प्रोग्राम आवाज पकडून त्याच्याकडे पाठवतो आणि घरातलं कुठलंही उपकरण ब्राउझरमध्ये पत्ता टाकून ऐकतं. काहीच इन्स्टॉल करावं लागत नाही, म्हणून पाहुण्यांच्या फोनलाही चालतं. उशीर मात्र भरपूर. मूळ सेटिंगमध्ये तो नव्या श्रोत्याला सुरुवातीला ६५,५३५ बाइटचा साठा एकदम देतो. १२८ किलोबिटच्या आवाजात तो चार सेकंदांचा झाला, वर ब्राउझर स्वतःचा साठा ठेवतो तो वेगळा. भजन ऐकायला हरकत नाही, मॅच बघता बघता ऐकायला निरुपयोगी. आणि हो, मूळ फाइलमधला सोर्स पासवर्ड ‘हॅकमी’ असाच आहे. लेखकांनी इशारा दिलाय, तो घ्या.

स्क्रीम हे विंडोजसाठीचं आभासी साउंड कार्ड. आवाज थेट नेटवर्कवर टाकतं, उशीर बराच कमी. पण सिक्युअर बूट चालू असलेल्या मशीनवर त्याचा ड्रायव्हर अडू शकतो, आणि मूळ सेटिंगमध्ये ते मल्टिकास्ट वापरतं. केबलवर ठीक. वाय-फायवर मल्टिकास्टची पाकिटं सगळ्यात संथ दराने जातात आणि हरवली तर पुन्हा पाठवली जात नाहीत. आवाज तुटतोच, वर घरातल्या बाकीच्यांचं नेटही रडकुंडीला येतं. वापरायचंच तर सेटिंगमध्ये एकाच पत्त्यावर पाठवायला सांगा. पल्सऑडिओच्या आरटीपी मल्टिकास्टलाही हेच लागू.

एकाहून जास्त खोल्या असतील तर माझं उत्तर स्नॅपकास्ट. कारण समजायला घड्याळाची गोष्ट माहीत हवी. प्रत्येक साउंड कार्डाचं स्वतःचं क्वार्ट्झ घड्याळ असतं, आणि एकाचं ४४,१०० दुसऱ्याच्या ४४,१०० शी तंतोतंत जुळत नाही. दहा लाखांत पन्नास एवढाच फरक धरला तरी तासाभरात दोन खोल्यांचे आवाज १८० मिलिसेकंदांनी सरकतात. तीस-चाळीस मिलिसेकंदांच्या पुढे कानाला प्रतिध्वनी जाणवायला लागतो, म्हणजे पॅसेजमध्ये उभं राहिलं की एकच अभंग दोनदा ऐकू येणार. स्नॅपकास्टचा सर्व्हर आवाजाच्या प्रत्येक तुकड्यावर वेळ लिहून पाठवतो. टोकाचे क्लायंट आपलं घड्याळ सर्व्हरशी जुळवतात आणि गरजेप्रमाणे एखादा नमुना गाळून किंवा दुप्पट करून वेळ पाळतात. त्याच्या माहितीपत्रकाप्रमाणे फरक साधारण ०.२ मिलिसेकंदांच्या आत राहतो. आवाज हवेतून एक मीटर जायलाच जवळपास ३ मिलिसेकंद घेतो, त्यापुढे हे काहीच नाही.

बसवताना सर्व्हर एका पाइप फाईलमधून आवाज वाचतो. पल्सऑडिओला किंवा पाइपवायरला त्या पाइपमध्ये लिहिणारं एक आउटपुट बनवायला सांगायचं आणि ब्राउझरचा आवाज तिकडे वळवायचा. दोन ठिकाणी लोक अडकतात. पाइप टेम्प फोल्डरमध्ये ठेवला तर नव्या लिनक्सच्या सुरक्षा नियमामुळे दुसऱ्या युजरला तो उघडायला परवानगी मिळत नाही, म्हणून त्याला वेगळा फोल्डर द्या. आणि त्याच कॉम्प्युटरवर क्लायंटही चालवायचा असेल, तर त्याचं आउटपुट खऱ्या साउंड कार्डावर बांधून ठेवा. ते चुकून त्याच पाइपकडे गेलं तर आवाज स्वतःच्याच शेपटीमागे गोल फिरत राहतो.

स्पीकरकडच्या टोकाला रास्पबेरी पाय झीरो २ डब्ल्यू पुरतो. त्याला हेडफोनचं भोक नाही, पाय पाचलाही नाही, म्हणून एक यूएसबी डॅक लागतो. पाय चारला भोक आहे, पण त्यातला आवाज यथातथाच. आमच्या घरी आजीच्या खोलीत असाच एक पाय जुन्या अ‍ॅम्प्लिफायरमागे चिकटवलेला आहे. क्लायंट बूट होतानाच सुरू होतो. तिला फोन नको, अ‍ॅप नको, रिमोट नको, अ‍ॅम्प्लिफायरचं बटण दाबलं की आजोबांच्या भजनी मंडळाचं रेकॉर्डिंग. माझ्या दृष्टीने घरच्या सर्व्हरची परीक्षा हीच. घरातल्या ज्या माणसाला पासवर्ड विचारलेला आवडत नाही, त्याला तो वापरता येतोय का? ज्यांच्याकडे पाय नाही ते स्नॅपकास्टचं अँड्रॉइड अ‍ॅप वापरू शकतात, किंवा सर्व्हरच्या पत्त्यापुढे कोलन १७८० टाकून ब्राउझरमध्येच ऐकू शकतात.

स्नॅपकास्टचा उशीर मूळ सेटिंगमध्ये १००० मिलिसेकंद असतो. तो कमी करता येतो, पण वाय-फायवर ४००-५०० च्या खाली जायच्या आधी दोन दिवस ऐकून बघा.

व्हिडिओ बघताना

चित्र कॉम्प्युटरवर आणि आवाज सेकंदभर उशिरा, म्हणजे डबिंग बिघडलेला सिनेमा. ब्राउझरला हा उशीर कळत नाही आणि तिथे फारसं काही करता येत नाही. फाईल असेल तर व्हीएलसीमध्ये उघडा. विंडोज आणि लिनक्सवर जे बटण दाबलं की आवाज ५० मिलिसेकंद आधी येतो, के दाबलं की तेवढाच नंतर. एका सेकंदासाठी जे वीस वेळा. एखाद्या खोलीतला टीव्ही किंवा अ‍ॅम्प्लिफायर स्वतः काही उशीर घालत असेल तर स्नॅपकास्टमध्ये त्या क्लायंटपुरती भरपाई वेगळी देता येते.

दिसतच नाही, तेव्हा

सर्व्हर चालू आहे पण फोनला दिसत नाही, या तक्रारीमागे बहुतेक वेळा तीनपैकी एक कारण असतं. फोन गेस्ट वाय-फायवर आहे. राउटरमध्ये क्लायंट आयसोलेशन चालू आहे, ज्यात एक उपकरण दुसऱ्याला दिसूच देत नाहीत. किंवा विंडोजने घरचं नेटवर्क ‘पब्लिक’ धरलंय आणि फायरवॉल दार लावून बसलीय. आधी फोनच्या ब्राउझरमध्ये पत्ता आणि पोर्ट थेट टाकून बघा. पान उघडलं तर सर्व्हर ठीक आहे आणि घोळ फक्त आपोआप शोधण्यात आहे.

घराबाहेरून, आणि प्रती

राउटरवर पोर्ट उघडून सर्व्हर जगाला दाखवू नका. डीएलएनएला तर कुलूपच नाही. तसंही आपल्याकडच्या बऱ्याच फायबर कनेक्शनांत तो मार्ग बंदच असतो. राउटरच्या पानावर बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ या टप्प्यात दिसला तर समजा की एकच सार्वजनिक पत्ता अनेक घरांत वाटलेला आहे आणि पोर्ट उघडून काही होणार नाही. टेलस्केलसारखं वायरगार्डवर चालणारं खासगी जाळं सर्व्हर आणि फोनवर टाका. पुण्यात बसून गावच्या सर्व्हरवरची गाणी ऐकता येतात आणि बाहेरच्या कोणाला दार दिसतही नाही.

बाजारातली गाणी गेली तर परत मिळतील. भजनी मंडळाच्या, घरच्या लग्नाच्या, आजोबांच्या आवाजातल्या कॅसेट कुठल्याच अ‍ॅपवर नाहीत. साठ मिनिटांची एक कॅसेट सीडीच्या दर्जात बिनदाबलेली ६३५ एमबी होते. फ्लॅकमध्ये आवाज न बिघडता बरीच कमी होते, अर्थात टेपची खरखर जितकी जास्त तितकी बचत कमी. तीस कॅसेट धरल्या तरी २० जीबीच्या आतच, म्हणजे एका पेनड्राइव्हवर मावणारा ऐवज. एक प्रत सर्व्हरवर, एक सर्व्हरला कायम जोडलेली नसलेल्या डिस्कवर, एक दुसऱ्या गावातल्या नातेवाइकाकडे. सर्व्हरच्या प्रोग्रामला या फोल्डरचा फक्त वाचण्याचा हक्क द्या, लिहिण्याचा नको. नॅव्हिड्रोमला तेवढा पुरतो. टॅग सुधारायचे असतील तेव्हा वेगळ्या युजरने लॉगिन करून सुधारायचे, आणि मग बाकीच्या दोन प्रती ताज्या करायच्या.